थंडेरावांचं उघडं घर

गल्लीत बातमी अशी पसरली की थंडेरावांच्या डोक्यात गॅस गेला.

एसीत भरतात तो गॅस. एवढी वर्षं लोकांच्या भिंतींवर चढून नळ्या जोडल्या, तोडल्या, नाक लावून हुंगल्या. कधीतरी तो वर जाणारच, असं दूधवाल्याचं म्हणणं. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याला हे पटलं नाही. तो काउंटरवर कोपर टेकवून, गिऱ्हाइकाला नाजूक दुखण्याचं औषध देताना काढतो तसा आवाज काढून म्हणाला की गॅसबिस काही नाही हो, घरचं आहे. म्हणजे नवराबायकोचं बिनसलं आणि बायकोनं एसी उचलून खिडकीतून खाली टाकला. थंडेरावांच्या बायकोला अर्धी बादली उचलतानासुद्धा कंबरेवर हात ठेवून थांबताना सगळ्या गल्लीनं पाहिलं होतं. पण बातमीला पाय नसतात, त्यामुळे ती कुठे अडखळतही नाही.

खरं एवढंच होतं की थंडेरावांनी, म्हणजे माझ्या मामानं, घरातले तिन्ही एसी स्वतःच्या हातानं उतरवले, पुसले, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळले आणि जिन्याखाली ओळीनं ठेवले. ज्या माणसाचं सगळं पोट एसी बसवण्यावर आणि दुरुस्त करण्यावर चाललं, त्यानं. न्हाव्यानं दाढी वाढवून दुकानात बसावं, तसंच झालं. लोक बोलणारच.

पण डोक्यात गॅस गेला नव्हता. डोक्यात गेली होती ती एका दुपारची शांतता.

मामाचं घर त्याच्या वडिलांनी बांधलेलं. ते गवंडी होते आणि बोलण्यात कंजूस. त्यांच्या तोंडून दिवसभरात जेवढे शब्द निघत त्याहून जास्त विटा त्यांच्या हातातून जात. खाली एक खोली आणि स्वयंपाकघर, वर दोन खोल्या, त्याच्यावर गच्ची. प्रत्येक खोलीत छताच्या खाली, अगदी वर, त्यांनी विटेएवढे झरोके ठेवले होते. एक या भिंतीला, एक समोरच्या. का, ते कुणाला सांगितलं नाही, आणि विचारायची कुणाची छाती झाली नाही.

मामाला त्या झरोक्यांचा उपयोग पोरवयात वेगळाच माहीत होता. दुपारी सगळे जमिनीवर पसरले की उन्हाचा एक चौकोन झरोक्यातून खाली उतरायचा आणि फरशीवरून सरकत सरकत वडिलांच्या पोटावर चढायचा. तो पोटावर चढला की मामा आणि माझी आई तोंड दाबून हसायची. शिवाय त्या भोकांतून एका खोलीतलं दुसऱ्या खोलीत सगळं ऐकू जायचं. आईबाबांची कुजबूज, बहिणीचं पाठांतर, चिमण्यांची भांडणं. त्या घरात गुपित नावाची वस्तू टिकत नसे. आई सांगते, मामानं काचेची बरणी फोडली तेव्हा तो वरच्या खोलीत स्वतःशीच "आता काय सांगू" म्हणाला, आणि खालून वडील म्हणाले, "खरं सांग."

मग मामा मोठा झाला, एसीचं काम शिकला आणि गल्लीतला पहिला एसी त्याच्याच हातानं त्याच्याच घरात बसला. तो बघायला माणसं येऊन गेली. येणारा प्रत्येक जण दारात उभा राहून "वा" म्हणायचा आणि मामा आतून ओरडायचा, "दार लावा!"

हे "दार लावा" त्याच्या जिभेला कायमचं चिकटलं. गिऱ्हाइकाच्या घरी, आमच्या घरी, बसमध्ये कंडक्टरला, एकदा तर हॉस्पिटलात ऑपरेशनला निघालेल्या डॉक्टरला. 'दा' लांब, 'र' गिळलेला आणि 'लावा' वर चढत गेलेलं. मला ते झोपेतही जमतं.

त्याची कामाची पद्धत गल्लीला पाठ होती. यंत्र बसवलं की काम संपत नसे. मग तो खिशातून काडेपेटी काढायचा, एक काडी पेटवायचा आणि श्वास रोखून सगळ्या खिडक्यादारांच्या कडेनं ती फिरवायचा. ज्योत कुठे जरा जरी वाकली की तिथे फट आहे. ती बुजवायची. पुन्हा काडी. ज्योत सरळ ताठ उभी राहिली, की मामा तिला फुंकर घालून म्हणायचा, "आता हा डबा झाला." गिऱ्हाइकाच्या घराला डबा म्हणणं हे त्याच्या लेखी सर्वात मोठं कौतुक.

आपल्या घराचा डबा त्यानं सगळ्यात आधी केला. वडिलांचे झरोके विटा घालून बंद केले, वरून गिलावा, वरून रंग. वडील तेव्हा हयात होते. खुर्चीत बसून बघत होते. त्यानंतर ते दुपारची झोप गच्चीच्या जिन्यात घ्यायला लागले. मामाला वाटलं, म्हातारपणाची लहर.

वर्षं गेली. तीन खोल्या, तीन एसी, तीन बंद दारं. एकीत मामा, एकीत मामी, एकीत त्यांची लेक, म्हणजे माझी ताई. जेवायला बोलवायचं तर फोन करायचा. मामी स्वयंपाकघरातून वरच्या खोलीत फोन करायची आणि ताई दोन शब्दांत उरकायची. मग ताई लग्न होऊन दुसऱ्या शहरात, काचेच्या उंच इमारतीत राहायला गेली. घरात दोनच माणसं राहिली. यंत्रं मात्र तीनच, कारण रिकामी खोली तापली तर शेजारची तापते असं मामाचं शास्त्र.

त्या दुपारी वीज गेली.

तिन्ही यंत्रं एकदम थांबली. मामा पलंगावर उठून बसला. त्याला आधी कळेनाच की काय झालं. कानाला कुणीतरी इतकी वर्षं अंगठा दाबून धरला होता, तो काढल्यासारखं वाटलं. खालून भांड्याचा आवाज आला. मग पाण्याचा. आणि मग गाण्याचा.

मामी गात होती. लग्न झालं तेव्हा ती घरात फिरताना गायची तेच, शब्द अर्धे विसरलेले आणि विसरलेल्या जागी नुसतं गुणगुणणं. मामा जिन्यात येऊन थांबला. मग खाली गेला आणि दारातून त्यानं विचारलं,

"पुन्हा कधीपासून गायला लागलीस?"

मामीनं वळूनही पाहिलं नाही. "पुन्हा? मी थांबले कधी होते?"

हे वाक्य मामाला लागलं. कुठे लागलं ते त्यानं कुणाला सांगितलं नाही, पण तो जेव्हा जेव्हा ही गोष्ट सांगतो, तेव्हा इथे येऊन चष्मा काढून पुसतो. इतकी वर्षं ही बाई एका हाताच्या अंतरावर गात होती आणि आपण भिंती बुजवण्याचे पैसे घेत होतो.

उकडायला लागलं म्हणून त्यानं मागची खिडकी उघडली. सिलिकॉननं घट्ट बसलेली ती खिडकी कुरकुरत, दात ओढल्यासारखी उघडली. समोर, हात लांब केला तर लागेल एवढ्या अंतरावर, शिंपीकाकांची खिडकी. तिला आतून पुठ्ठे लावलेले. मामानं हाक मारली तेव्हा पुठ्ठ्याचा कोपरा उचलून शिंपीकाका डोकावले. ते तोंडात टाचण्या धरून बोलतात, त्यामुळे त्यांचं प्रत्येक वाक्य ओठ न उघडता, कपड्याच्या घडीतून आल्यासारखं येतं. मामानं विचारलं, खिडकी का बंद केलीत. शिंपीकाका म्हणाले, विशेष काही नाही, तुमच्या घरातलं ऊन आमच्याकडे येतं, एवढंच.

मामानं वाकून बाहेर पाहिलं. त्याच्याच भिंतीवर त्याच्याच हातानं बसवलेली बाहेरची तीन युनिटं, तिन्हींची तोंडं शिंपीकाकांच्या खिडकीकडे. एसी गारवा तयार करत नाही, तो उष्णता उचलतो आणि बाहेर टाकतो, हे त्यानं शेकडो गिऱ्हाइकांना समजावलं होतं. बाहेर म्हणजे कुठे, हे कुणी विचारलं नव्हतं. त्यानंही नाही. शिंपीकाकांनी शिवणयंत्र खिडकीतून हलवून आतल्या अंधाऱ्या कोपऱ्यात नेलं होतं, केव्हाच.

वीज आली तेव्हा मामानं एसी चालू केले नाहीत. संध्याकाळी तो पाना घेऊन शिडीवर चढला.

मामीचा "बरं" चार प्रकारचा असतो. एक होकाराचा, आखूड. एक कंटाळ्याचा, शेवटी उसासा असलेला. एक 'बघू या, कोण जिंकतं ते' असा, खालून वर जाणारा. आणि चौथा सपाट, दार आपटल्यासारखा. मामानं शिडीवरून सांगितलं की आता आपण यंत्रांशिवाय राहायचं, घर पूर्वीसारखं करायचं, तेव्हा आला तो चौथा.

नंतर जेवताना तिनं जरा समजुतीनं सांगितलं. उन्हाळ्यात तिच्या अंगाची लाही होते, मानेवर पुरळ उठतं, झोप लागत नाही, हे मामाला ठाऊक होतं. घर पूर्वीसारखं होईल हो, आपण पूर्वीसारखे आहोत का? तेव्हा तिची अट एकच. उन्हाळा आला आणि सोसलं नाही, तर ती लेकीकडे जाणार. आणि एकदा गेली की लवकर परतणार नाही, कारण ताई कधीची बोलावते आहे, तिथे खोली आहे, गारवा आहे आणि नातवंडाला सांभाळायला माणूस हवंच आहे.

मामा हसून हो म्हणाला. पण त्याचा घास तोंडातच फिरत राहिला. आत्ता कुठे तिचं गाणं सापडलं होतं. ते दुसऱ्या शहरात, काचेच्या इमारतीत निघून गेलं तर उघड्या खिडक्या घेऊन तो काय करणार होता?

म्हणून तो कामाला लागला तो जिवावर उदार होऊन. आधी झरोके शोधायचे. रंगाचे इतके थर चढले होते की जागा कळेना. शिडीवर चढून, भिंतीला कान लावून, बोटाच्या पेरानं ठोकत तो पुढे सरकायचा. टक, टक, टक, आणि मग एकदम पोकळ टोक. "इथे!" छिन्नी-हातोडा घेतला की दिवसभर घरात धूळ. मामी डोक्याला फडकं बांधून, झाडू घेऊन मागे. एका झरोक्यात विटेच्या मागे चिमणीच्या घरट्याच्या काड्या अजून तशाच होत्या. त्या हातात घेऊन मामा शिडीच्या वरच्या पायरीवर बसून राहिला. मामीनं खालून विचारलं, काय झालं. तो म्हणाला, काही नाही, धूळ गेली डोळ्यात.

गच्चीला चुना लावला, इतका पांढरा की दुपारी वर गेलं की डोळे मिटायला लागायचे. पश्चिमेच्या भिंतीवर, जिथे युनिटं होती तिथे, वेल चढवले. त्यांना भांडी धुतलेलं पाणी. मामीला आधी हे अजिबात मान्य नव्हतं. वेलाला आपलं उष्टं पाजायचं का, असं तिचं म्हणणं. वेलानं तक्रार केली नाही. शिंपीकाकांनी जुन्या चादरी एकावर एक ठेवून जाड पडदे शिवून दिले. तोंडातल्या टाचण्या न काढता ते म्हणाले की मजुरी नको, माझी खिडकी परत मिळाली.

आणि मग उन्हाळा आला.

घर तापलं. साधं तापलं नाही, भट्टीसारखं तापलं. झरोके उघडे, खिडक्या उघड्या, गच्ची पांढरी, तरी आतली हवा जागच्या जागी उभी. मामा हतबल होऊन खोल्याखोल्यांतून फिरायचा. सगळं वडिलांसारखं केलं होतं, मग त्यांचं घर गार कसं राहायचं? मामीच्या मानेवर पुरळ उठलं. मग पलंगाखालची मोठी बॅग बाहेर आली आणि तिच्यात एक-एक कपडा जायला लागला.

त्याच दिवसांत मी मामाशी पैज लावली. मी म्हणाले, मामी जाणार, किंवा जिन्याखालचा एसी परत भिंतीवर येणार. दोन्हीपैकी एक नक्की, उन्हाळा संपायच्या आत. मी जिंकले तर शाळेच्या कार्यक्रमात मामाची नक्कल करायची परवानगी, "दार लावा"सकट. मामा म्हणाला, ठीक आहे, पण तू हरलीस तर तुझ्या खोलीतला एसी मी उतरवणार. तो मामानंच मला वाढदिवसाला बसवून दिला होता. माझी आई म्हणाली, जपून गं, हा माणूस हरला नाही तर? पण मी मामाचा चेहरा पाहिला होता. पैज लावणाऱ्या माणसाचा तो चेहरा नव्हता. दात दुखत असताना "कुठे काय" म्हणणाऱ्याचा होता.

मामीची गाडी संध्याकाळची होती. मामा वरच्या खोलीत, आलोच म्हणून, काहीतरी उगीच शोधत होता. मामीच्या एका हातात बॅग, दुसऱ्या हातात नातवंडासाठी घेतलेली पिशवी. तिनं मागच्या खोलीचं दार खांद्यानं ढकललं. हात मोकळा नव्हता म्हणून ते तसंच उघडं राहिलं. मग मधलं दार, पायानं. तेही उघडं. मग जिन्याचं. बॅग दारात अडकली, तिनं ओढली, दार भिंतीवर जाऊन आपटलं.

आवाज ऐकून मामा वरून सवयीनं ओरडला, "दार—"

आणि थांबला. कारण त्याच्या पाठीवरून वारा गेला होता.

पश्चिमेच्या झरोक्यातून आला, खोलीतून गेला, उघड्या दारांतून, जिन्यातून खाली, समोरच्या झरोक्यांतून बाहेर. शिंपीकाकांनी शिवलेले पडदे एकाच बाजूला फुगले. मामा खाली आला. मामी जिन्याच्या तळाशी उभी होती आणि तिच्या कपाळावरचे केस मागे उडत होते.

मामाला तेव्हा कळलं. झरोके उघडले होते, खिडक्या उघडल्या होत्या, आणि तो स्वतः दिवसभर खोलीखोलीतून फिरताना मागचं प्रत्येक दार घट्ट लावत होता. आयुष्यभराची सवय. गारवा बाहेर जाऊ नये म्हणून. वारा येत होता आणि पुढच्या बंद दारावर डोकं आपटून मरत होता. वडिलांच्या वेळी या घराच्या आतल्या दारांना कड्याही नव्हत्या. त्या मामानंच लावल्या होत्या.

त्यानं खिशातून काडेपेटी काढली. काडी पेटवून त्यानं ती दारात धरली, ज्योत आडवी झाली आणि विझली. दुसरी. तीही. मामा तिसरी काढणार तेवढ्यात मामी खाली बॅगेवर बसली.

"जळक्या काड्या काय दाखवताय मला," ती म्हणाली. "चहा टाका."

मामा स्वयंपाकघरात गेला आणि जाता जाता त्याचा हात मागच्या दाराकडे गेला.

"अहो. राहू दे ते."

ताईला फोन गेला की आई येत नाही. ताईला वाटलं बाबांना काही झालं. मामीनं सांगितलं की बाबांना काही झालं नाही, वारा आलाय. ताईनं मग मला फोन करून विचारलं की तिकडे सगळं ठीक आहे ना, कारण दूधवाल्याकडून तिनं गॅसचं ऐकलं होतं.

पैज अजून संपली नव्हती, आणि वारा काही आज्ञाधारक नसतो. दुपारी तो गरमच यायचा. तेव्हा उन्हाच्या बाजूचे पडदे ओढायचे, संध्याकाळी सगळं उघडायचं, हे दोघं चुकत-चुकत शिकली. ऐन कडाक्यात एक दिवस असा आला की पानही हललं नाही. मामीनं ओला पंचा मानेवर टाकला, काढला, पुन्हा टाकला, आणि मग मामाला सांगितलं, तो काढा बाहेर. मामा जिन्याखाली वाकला. प्लॅस्टिक सोडलं, धूळ झटकली, शिडी आणली. मी दारात उभी होते आणि मनातल्या मनात स्टेजवर चढले होते.

तेवढ्यात समोरच्या खिडकीत शिवणयंत्राची टकटक सुरू झाली. शिंपीकाकांनी यंत्र परत खिडकीत आणलं होतं. ते मान खाली घालून शिवत होते, आणि मामी दुपारी गाते ते गाणं टाचण्यांमधून गुणगुणत होते. विसरलेल्या जागाही मामीच्याच.

मामीनं तिकडे पाहिलं आणि मानेवरचा पंचा काढला. मग म्हणाली की ठेवा परत, त्या माणसाला पुन्हा पुठ्ठे लावायला कोण सांगणार. आणि बादलीभर पाणी घेऊन गच्चीवर गेली. अर्धी बादली नव्हे, भरलेली.

उन्हाळा संपून हवा पालटली त्या दिवशी सकाळीच मामा त्याच गल्लीतल्या आमच्या दारात उभा. खांद्यावर शिडी, खिशात पाना. मी म्हटलं, पैज गंमत होती. तो म्हणाला, बघ, असं आहे, मीही गमतीनंच उतरवतोय. स्क्रू सोडताना तो माझ्याकडे बघतही नव्हता. यंत्र खाली आलं तेव्हा खिडकीत मोठं चौकोनी भोक राहिलं आणि गल्लीतला सगळा आवाज एकदम आत आला: दूधवाला, शिवणयंत्र, मामीचा तिसऱ्या प्रकारचा "बरं".

"वाईट वाटतंय?" मामानं विचारलं.

"खूप," मी म्हणाले.

"वाटणारच," तो म्हणाला, आणि यंत्र खांद्यावर घेऊन निघाला. जाताना आमचं दार त्यानं उघडंच ठेवलं.